फुगीर अंकांची पडताळणी

जगातल्या पहिल्या दहा बुद्धिबळपटूंचं रेटिंग खरं की फुगवलेलं, या प्रश्नाशी काटेसाहेबांचा काडीचाही संबंध नव्हता. त्या दहांचाही काटेसाहेबांशी नव्हता. दोन्ही बाजूंनी हे असंच राहिलं असतं तर फार बरं झालं असतं. पण एका शनिवारी क्लबाच्या सेक्रेटरींनी मोबाइलवरची बातमी मोठ्यांदा वाचली, की अमुक एका खेळाडूचं रेटिंग आजवरच्या झाडून सगळ्या विश्वविजेत्यांच्या वर गेलं, आणि काटेसाहेब पटावरची मान वर न करता म्हणाले, "फुगीर आहे."

त्या क्षणी त्यांचा उंट मरणपंथाला लागला होता हेही लक्षात घ्यायला हवं. आपला उंट जात असताना माणूस जगाबद्दल चांगलं बोलत नाही.

काटेसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून जायचं, पेटीतली प्रमाणित वजनं काढायची, दुकानदाराच्या वजनांशी ताडून पाहायची, बरोबर असलं तर शिक्का, नसलं तर जप्ती. 'काटे' हे काही त्यांचं आडनाव नव्हे, ते बाजारानं ठेवलेलं नाव. काटा तराजूचा की पायात मोडणारा, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखायचं.

"फुगीर कसं?" समोरून डॉक्टरांनी विचारलं. हे दातांचे डॉक्टर. क्लबाच्या फळ्यावर पहिलं नाव त्यांचं, आणि नावापुढे खडूनं ठसठशीत लिहिलेलं १८०४. "अरे, आजची पोरं जास्त चांगली खेळतात. जुन्या लोकांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवून शोधलेली चाल आज एखादा पोरगा सकाळी दात घासता घासता मशीनवर बघतो. अर्थात दात घासत असला तर."

"अरे, मग दात घासणारे सगळेच चांगले खेळायला लागले, तर आकडा वाढेल कशाला? सगळे एकदमच उंच झाले तर रांग तीच राहते ना! आकडा म्हणजे रांगेतली जागा. तो वाढतो याचा अर्थ वजनात खोट आहे."

"तुझ्या उंटात खोट आहे," डॉक्टर म्हणाले आणि तो उचलून घेतला.

या 'अरे-तुरे'बद्दल सांगायला हवं. दोघं लाँड्रीच्या माडीवरच्या या क्लबात तरुणपणापासून खेळत आलेले, एकमेकांना अरे-तुरे करत. मग काटेसाहेबांची लेक डॉक्टरांच्या मुलाला दिली, आणि रातोरात दोघं व्याही झाले. व्याह्यांना अरे-तुरे कसं करणार? तेव्हापासून चारचौघांत 'या डॉक्टर', 'बसा काटेसाहेब' असा नाटकातल्यासारखा मान सुरू झाला. फक्त मध्ये पट मांडला की दोघंही जुन्या वळणावर यायचे. डाव संपला की 'अरे'चं पुन्हा 'अहो'. शनिवारची ती संध्याकाळ दोघांना का हवीशी वाटायची, याचं निम्मं कारण एवढंच होतं. उरलेलं निम्मं बुद्धिबळ.

त्या दिवशी प्रश्न तिथेच मिटला असता. पण सेक्रेटरी म्हणाले, "जगाचं सोडा हो काटेसाहेब, आपल्या फळ्यावरचे आकडे तरी कुठे खाली येतायत? मी आलो तेव्हा इथे पहिला होता तेराशेचा."

काटेसाहेब फळ्याकडे बघत राहिले. दुकानातला तराजू रिकामाच एका बाजूला कललेला दिसला की ते जसे बघत, तसे.

यानंतरचा आठवडाभर त्यांनी इमारतीतल्या लोकांचा सल्ला घेतला. खरं म्हणजे त्यांनी घेतला नाही, लोकांनी दिला. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी लिफ्टचं दार पायानं अडवून धरलं आणि हा सरळसरळ चलनफुगवटा असल्याचं समजावून सांगितलं. ते समजावणं इतकं सविस्तर झालं, की वरच्या मजल्यावरची माणसं लिफ्टची वाट पाहून जिन्यानं उतरली आणि जाता जाता एकेक वाक्य ऐकून गेली. गाण्याच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे तेच. हल्ली प्रत्येकाला विशेष योग्यता मिळते. पूर्वी विशेष योग्यता मिळालेला माणूस गाऊ तरी शकायचा." कोपऱ्यावरच्या वाण्यानं तर मनापासून साथ दिली. "साहेब, तुम्ही जगाचे काटे तपासा. आमचे काय, कधीही तपासता येतील."

एवढा पाठिंबा मिळाल्यावर काटेसाहेबांनी बुद्धिबळ महासंघाला रीतसर अर्ज केला. 'अव्वल खेळाडूंच्या फुगीर अंकांबाबत चौकशी होणेबाबत.' तो टाइप केला त्यांच्या ऑफिसातल्या टायपिस्टनं. ती बाई वेगवान होती. वेगवान माणसाचं बोट एखाद्या अक्षरावर घसरतंच, आणि इथे ते 'क'वरून 'ग'वर घसरलं. 'अंकांबाबत'चं 'अंगांबाबत' झालं. काटेसाहेबांनी चष्मा न लावता सही केली आणि अव्वल खेळाडूंच्या फुगीर अंगांबाबतचा तो अर्ज महासंघाकडे रवाना झाला.

इकडे घरी रात्रंदिवस तोच विषय. काटेसाहेबांचं म्हणणं असं, की गुण ही वस्तू आहे. मी हरलो की माझे चार गुण समोरच्याकडे जातात. हवेतून येत नाहीत, हवेत जात नाहीत. मग क्लबातल्या सगळ्यांचेच गुण वाढले कसे? आकडे जुळेनात. त्यांची बायको समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. लग्नाला तीस वर्षं झालेली बाई जेवढं ऐकते, तेवढंच ऐकत होती.

"अहो," ती एकदम म्हणाली, "मग माझे कुठे गेले?"

"तुझे काय?"

"गुण. मला नाही का तुम्ही सभासद केलं होतं, जागेचा करार टिकवायला माणसं कमी पडत होती तेव्हा? सेक्रेटरींनी माझ्या नावापुढे हजार लिहिले होते, मला चांगलं आठवतंय. मग डॉक्टर येऊन बसले समोर. 'वहिनी, राग मानू नका हं,' म्हणत एकेक मोहरा उचलत गेले. फार सभ्यपणे हरवलं हो त्यांनी मला. मग तुम्ही हरवलंत, तितकं सभ्यपणे नाही. निघाले तेव्हा आठशे का कायसे उरले होते. मधले कुणी घेतले?"

एखाद्याच्या घरी राहिलेल्या छत्रीबद्दल विचारावं तसं तिनं विचारलं आणि उशीचा अभ्रा झटकला. काटेसाहेब मात्र ताडकन उभे राहिले. सापडलं होतं! नवा माणूस येतो, हजार गुण घेऊन येतो. हरतो. शंभर-दोनशे गुण इथल्यांच्या पदरात टाकतो आणि कंटाळून निघून जातो. माणूस जातो, गुण मागे राहतात. अशी किती माणसं आली नि गेली! करार टिकवण्यासाठी आणलेल्या बायका, मेहुणे, एक शिंपी, खालच्या लाँड्रीचा मालकसुद्धा. त्या सगळ्यांच्या गुणांवर वरची मंडळी गुबगुबीत झाली होती. आणि जगातही हेच चाललं असणार, फक्त जास्त मोठ्या माडीवर.

"मी हे समितीपुढे मांडणार," ते म्हणाले.

बायकोनं घडी अर्धी सोडली. "मांडा. पण डॉक्टरांच्या आकड्याला हात लावू नका."

"हा व्यक्तीचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाच्या घरी लेक नाही दिलेली आपण. डॉक्टरांच्या घरी दिलीय."

"डॉक्टर समजूतदार आहेत."

"म्हणून तर सांगतेय. भांडणारा माणूस असता तर मी बोललेच नसते. भांडून मोकळा झाला असता."

काटेसाहेबांनी हे ऐकलं. नीट ऐकलं. पण ज्याला खोट सापडली आहे त्याला दुसरं काही ऐकू येतं, पण पटत नाही, हा या धंद्यातला जुना रोग आहे.

समितीच्या बैठकीत त्यांनी फळ्यापुढे उभं राहून सगळं समजावलं. खालून लाँड्रीची वाफ फरशीतून वर येत होती, त्यामुळे सगळे जण नाहीतरी घामाघूमच असायचे. त्या दिवशी नेमका घाम कशाचा ते सांगता येत नव्हतं. चौदाशेवाले एकमेकांकडे पाहायला लागले. कुणी म्हणालं, "असू द्या की हो, कुणाला काय त्रास होतोय?" सेक्रेटरी म्हणाले, "तसा त्रास काही नाही, पण मुद्दा..." आणि 'मुद्दा' एवढंच बोलून पाणी प्यायले. काटेसाहेबांचा ठराव पडायच्या बेतात होता. तेवढ्यात मागून हात वर झाला. डॉक्टरांचा.

"काटेसाहेब म्हणतात तर तपासा ना," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी आयुष्यभर हेच केलंय. आणि वजन खरं असेल तर भीती कसली?"

झालं. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा त्यानंच हात वर केल्यावर बाकीच्यांना खाली ठेवणं शोभेना. ठराव एकमतानं मंजूर. गेलेल्या सभासदांचे गुण त्यांचे त्यांना परत, ज्याच्याकडे जितके गेले होते त्याच्याकडून तितके वजा. काटेसाहेबांनी स्वतः हिशेब केला आणि स्वतःच्या हातानं फळा पुसून नवे आकडे लिहिले. खडू हातात असताना ते जरा खूश होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

नवा फळा असा होता. डॉक्टर पहिलेच. दुसरे दुसरेच. तिसरे तिसरेच. सगळ्यांचे क्रम जिथल्या तिथे, फक्त सगळे जण एकदम खाली उतरलेले, जशी एखाद्या इमारतीची सगळी माणसं तळघरात राहायला जावीत. डॉक्टर १८०४ चे १३९०. आणि काटेसाहेब स्वतः? ९६८. म्हणजे ज्यानं जन्मात पट पाहिला नाही, त्याला नावनोंदणीच्या दिवशी हजार. आणि यांना तीस वर्षं घोडे दामटून नऊशे अडुसष्ट. त्यातून बायकोचं नाव तिच्या पूर्ण हजारासह फळ्यावर परत आलं होतं. ती क्लबात पुन्हा पाऊल न ठेवता नवऱ्याच्या वर जाऊन बसली.

"मी बोलले का काही?" ती घरी म्हणाली. ती बोलली नव्हतीच. तेच जास्त लागत होतं.

डॉक्टरांनी नवा आकडा पाहिला. चष्मा काढून पुसला, परत पाहिला, हसले, म्हणाले, "चला, मांडा डाव." दोघं बसले. आणि त्या दिवशी अघटित घडलं. डॉक्टर हरले. काटेसाहेबांनी कसलीही कमाल केली नव्हती. डॉक्टर वजीर हातात घ्यायचे, थांबायचे, परत ठेवायचे, पुन्हा उचलायचे. एखादं औषध लहान मुलाला किती द्यावं हे आठवत नसल्यासारखे. शेवटी त्यांनी आपला राजा हलकेच आडवा केला.

"तुम्ही छान खेळलात," डॉक्टर म्हणाले.

पट अजून मांडलेला होता. मोहरे उचलले नव्हते. आणि ते 'तुम्ही' म्हणाले होते.

डॉक्टरांवरचा हा पहिला विजय काटेसाहेब घरी घेऊन आले आणि तो कुणाला सांगावा ते त्यांना कळेना.

पुढच्या शनिवारी डॉक्टर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्यामागून एकेकाला आपापली कारणं सुचली. कुणाचे गुडघे, कुणाला जिना, कुणाला अचानक लाँड्रीची वाफ सोसेना, जी वीस वर्षं सोसली होती. मग लेकीचा फोन आला.

"बाबा, तुम्हाला दुसरं काही तपासायला नव्हतं का हो?"

"काय झालं?"

"काय व्हायचंय? मामंजींनी दवाखान्याच्या पाटीवरचा आकडा पुसून घेतला. पेंटर आला होता आज."

डॉक्टरांच्या पाटीवर पदवीखाली बारीक अक्षरांत बुद्धिबळाचं रेटिंगही होतं. आकडा वाढला की पेंटर येऊन बदलून जायचा. दात दुखणाऱ्या माणसाला त्या आकड्याचा काय उपयोग, असं काटेसाहेबांनीच पूर्वी चेष्टेनं विचारलं होतं.

"मग नवा लिही म्हणावं. तेराशे नव्वद काही वाईट नाही. पहिलेच आहेत अजून."

"बाबा, सासूबाई गेल्यापासून मामंजी घरात बोलतात किती, माहितीये का तुम्हाला? शनिवारी रात्री यायचे, चपला काढता काढता म्हणायचे, 'सूनबाई, तीन वाढले.' मी म्हणायचे, 'अरे वा!' मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तेवढं आमचं बोलणं व्हायचं, आणि मग त्यावरून दुसरं काही निघायचं. आता शनिवारी घरीच असतात. मी काय विचारू? किती कमी झाले म्हणून?"

काटेसाहेबांना वजनमापाचे सगळे नियम तोंडपाठ होते. त्यातला एकही इथे लागू पडेना.

दुसऱ्याच दिवशी ते सेक्रेटरींकडे गेले. "जुने आकडे परत लिहा."

"असं कसं? ठराव झालाय."

"मीच मांडला होता ना? मीच मागे घेतो."

"मांडायला एक माणूस पुरतो, साहेब. मागे घ्यायला सर्वसाधारण सभा लागते. निम्मे सभासद हजर हवेत." सेक्रेटरींनी रिकाम्या खुर्च्यांकडे हात केला. "निम्मे आणा, उद्या करू."

काटेसाहेब घरोघर फिरले. गुडघेवाल्यांनी गुडघे दाखवले. शिंपी म्हणाला, "मला तर माझे गुण परत मिळाले, मी कशाला येऊ?" आणि याच सुमारास महासंघाचं उत्तर येऊन थडकलं. आपला अर्ज वैद्यकीय विभागाकडे वर्ग करण्यात आला असून, खेळाडूंच्या अंगास फुगीरपणा आल्यास बाधित भागावर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, सूज न उतरल्यास जवळच्या डॉक्टरांना दाखवावे.

"दाखवा मग," बायको म्हणाली. "जवळचे डॉक्टर आहेतच."

"माझ्या कुठल्या भागाला सूज आलीय?"

 दैवानं ते ऐकलं. चार दिवसांत काटेसाहेबांचा उजवा गाल आंब्याएवढा झाला. अक्कलदाढ वर यायला निघाली होती.

"या वयात?" ते विव्हळत म्हणाले.

"उशिरा का होईना," बायको म्हणाली.

दुसऱ्या डॉक्टरकडे जाता आलं असतं. पण गावभर व्याही दातांचे डॉक्टर असल्याचं माहीत असताना दुसरीकडे जाणं म्हणजे भांडणावर शिक्का मारणं. आणि खरं सांगायचं तर काटेसाहेबांना जायचंच होतं. नुसतं जाऊन 'चुकलं' म्हणायला पाय उचलत नव्हता, दाढेनं तो उचलून दिला. वाटेत त्यांनी वाक्य तयार केलं. खूप वाक्यं केली, मोडली, शेवटी दोनच शब्द ठेवले: माफ करा. त्यापुढे 'हिशेब बरोबर होता, पण' असं काही जोडायचं नाही, हेही त्यांनी स्वतःला बजावलं. याला त्यांना बराच वेळ लागला.

"या," डॉक्टर म्हणाले. "बसा. आ करा."

काटेसाहेब खुर्चीत बसले. "डॉक्टर, मला जरा..."

"आ करा आधी. अरे बाप रे. बरीच वाट पाहिलीत की. बोलू नका, जीभ मध्ये येते."

मग सुई टोचली गेली, कापूस ठासला गेला, नळी लटकली. खुर्ची मागे झुकली आणि काटेसाहेबांना डॉक्टरांचा चेहरा उलटा दिसायला लागला. मदतनीस बाई हत्यारं देत होत्या. डॉक्टरांचे हात त्यांनी तीस वर्षं पटावर पाहिले होते. तोंडात पहिल्यांदाच अनुभवत होते. तेच हात होते. घाई नाही, दुखवण्याची इच्छा नाही.

"तुमचं बरोबर होतं हं," डॉक्टर हळूच म्हणाले. नजर दाढेवर. "मी घरी बसून सगळा हिशेब करून पाहिला. कुठेही चूक नाही. मी उगाच समजत होतो की मी काहीतरी... जरा आणखी आ करा. हां. वहिनींचे त्यात बरेच निघाले. त्यांना सांगा."

काटेसाहेबांनी घशातून आवाज काढला.

"दुखतंय? झालंच आता."

दाढ निघाली. डॉक्टरांनी टाका घातला, खुर्ची सरळ केली, पेला हातात दिला. काटेसाहेबांनी चूळ भरली. अर्धं पाणी शर्टावर सांडलं, कारण उजवीकडचा ओठ अजून कामावर रुजू झाला नव्हता. तरी ते खुर्चीतून उतरले, डॉक्टरांच्या समोर उभे राहिले, आणि तयार केलेलं वाक्य त्यांनी सगळा जोर लावून म्हटलं. 'म' म्हणायला दोन ओठ एकमेकांना भेटावे लागतात. ते भेटले नाहीत.

"आऽफ करा," काटेसाहेब म्हणाले.

डॉक्टर हातमोजे काढता काढता थांबले.

"साफ? केलंय की साफ. अगदी स्वच्छ."

"आऽफ," काटेसाहेबांनी हात जोडले.

"अहो, आभार कसले मानता? व्याह्यांत आभार असतात का?" डॉक्टर त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिले. ऐकलं तेच समजले, की समजून ऐकलं नाही, हे त्या चेहऱ्यावरून सांगता येईल असं कुठलंही माप खात्यानं अजून काढलेलं नाही. मग ते बेसिनकडे वळले. "आठवड्यानं टाका काढायला या. पुढचा पेशंट पाठवा बाई."

घरी बायकोनं पाटी-पेन्सिल द्यावी तसा कागद पुढे केला. "बोललात?"

मान हलली, हो.

"मग?"

'साफ केलंय म्हणाले', त्यांनी लिहिलं.

तिनं ते वाचलं, कागद उलटा करून ठेवला. "आठवड्यानं जाल तेव्हा तोंड मोकळं असेल," ती म्हणाली. चेष्टा करायची संधी होती, पण तिनं ती घेतली नाही.

तो आठवडा काटेसाहेबांनी मऊ भात खात आणि आरशासमोर 'म' म्हणत काढला. ओठ उत्तम मिळत होते. ठरल्या दिवशी ते दवाखान्यात वेळेआधी जाऊन बसले. पडद्याअलीकडेच मदतनीस बाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, चिमटा हातात घेतला, आणि एक, दोन म्हणेपर्यंत टाका निघाला.

"झालं काका. निघा तुम्ही."

"डॉक्टर?"

"आत पेशंट आहे. त्यांनीच सांगितलं, टाक्यासाठी थांबवू नका म्हणून."

काटेसाहेब उठले. पडदा पातळ होता. पलीकडे पाठमोरे डॉक्टर वाकलेले दिसत होते, पांढऱ्या कोटात, खांदे जरा उतरलेले. दोन पावलं टाकून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. अरे म्हणावं, की अहो, तेवढंच ठरायचं होतं. ते ठरवण्यात एक क्षण गेला, आणि त्याच क्षणी पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. मऊ, समजूतदार, आतल्या त्या कुणा अनोळखी माणसाला उद्देशून:

"बोलू नका. आता काही बोलू नका."

काटेसाहेब जन्मभर नियमानं वागलेले. ते बोलले नाहीत.